थुनेर ओळखायचा कसा: हिमालयाच्या जंगलात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हिमालयात ट्रेक करून आलेल्या कुणालाही विचारा, देवदार पाहिलात का? हो. चीड? तोही पाहिला. आणि थुनेर? इथे बहुतेक जण गप्प होतात. माझंही तेच झालं होतं. ऑक्टोबर महिना होता, गढवालातल्या एका ओल्या, अंधाऱ्या चढावर आमच्या वाटाड्याने मागे वळून विचारलं, "दीदी, थुनेर देखा?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "अभी तो आप उसी को पकड़ के ऊपर आई हैं।" मागे वळून पाहिलं, तर ज्या तांबूस खोडाला हात टेकून मी दम खात होते, तोच थुनेर होता.

तेव्हापासून हिमालयात पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मी या झाडाबद्दल सांगत आले आहे. थुनेर संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 2011 साली पश्चिम हिमालयातल्या थुनेरला 'असुरक्षित' गटातून उचलून 'संकटग्रस्त' गटात टाकलं गेलं. औषधासाठी बेसुमार तोड, शिवाय जळण आणि चारा, अशी कारणं त्या वेळी दिली गेली. अशा झाडाशेजारून त्याला न ओळखता निघून जाणं मला फार लागतं. म्हणून हा लेख. जाण्याआधी एकदा वाचा, आणि जंगलात शिरायच्या आदल्या रात्री तंबूत पुन्हा एकदा.

आधी नावं जुळवून घ्या

हे काम घरी बसून करायचं, कारण नावांचा घोळ मोठा आहे. गढवाल-कुमाऊँत 'थुनेर' म्हटलं की लोकांना कळतं. हिमाचलात 'राखल' म्हणून विचारा, काही ठिकाणी 'बिरमी'. काश्मिरात 'पोस्तुल'. नेपाळात 'लौठ सल्ला'. इंग्रजीतला 'यू' तो हाच, म्हणजे टॅक्सस प्रजातीतला.

शास्त्रीय नावांत तर अजूनच गुंता. जुन्या पुस्तकांत हिमालयातल्या सगळ्याच थुनेरांना युरोपातल्या झाडाचं नाव दिलेलं सापडेल: टॅक्सस बकाटा. पुढे टॅक्सस वॉलिचियाना हे नाव रुळलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले डॅनिश वनस्पतीतज्ज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांच्यावरून ते पडलं. आता अभ्यासक अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या झाडांना टॅक्सस कॉन्टॉर्टा म्हणतात आणि वॉलिचियाना हे नाव पूर्वेकडच्या झाडांसाठी राखतात, म्हणजे तिथून पुढच्या नेपाळी डोंगरांपासून सिक्कीम, अरुणाचल आणि त्याही पलीकडे. लाल यादीत दोन्ही संकटग्रस्तच आहेत. वनखात्याच्या फलकांवर आणि बऱ्याच भारतीय लेखांत मात्र सरसकट वॉलिचियानाच असतं. त्यामुळे माहिती शोधताना तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धीच हाती लागेल.

नावातली आणखी एक गल्लत मात्र जिवावर बेतू शकते. आपल्याकडे खोकल्यावर तालीसादी चूर्ण घेतलं जातं. त्यातलं तालीसपत्र म्हणजे आयुर्वेदिक औषधीकोशाप्रमाणे अ‍ॅबीजची, म्हणजे फर झाडाची वाळलेली पानं. पण उत्तरेकडच्या बाजारात थुनेरची पानंही 'तालीसपत्र' म्हणून विकली गेली आहेत. थुनेर विषारी आहे. डोंगरातल्या एखाद्या दुकानात कुणी ताजं तालीसपत्र म्हणून पुडी पुढे केली, तर घेऊ नका.

कुठे आणि कधी नजर टाकायची

साधारण 1800 ते 3300 मीटर या पट्ट्यात. उत्तराखंडात हर की दूनच्या वाटेवरचा गोविंद वन्यजीव विहार, चोपता-मंडल भागातलं केदारनाथ वन्यजीव अभयारण्य, हिमाचलात कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, या जंगलांत थुनेर आहे. तरी ठिकाणाच्या नावापेक्षा उतार कसा आहे ते पाहणं जास्त कामाचं. ऊन कमी पडणारा उत्तरेकडचा उतार, नाल्याच्या कडेची ओल, वर तोष (फर) किंवा खरसू ओकचं छत आणि खाली रिंगाळाची, म्हणजे बारीक डोंगरी बांबूची दाटी, अशा जागी पावलं सावकाश टाका. थुनेर सावलीत वाढणारं झाड आहे. पन्नास मीटर उंचीच्या देवदाराकडे मान वर करून चालणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण तो खालच्या मजल्यावर राहतो. बहुतेक झाडं दहा-बारा मीटरचीच भेटतात. नजर वर नको, आपल्या डोक्याच्या थोडी वर हवी.

महिना निवडायची मुभा असेल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. लाल फळं तेव्हाच लागतात, आणि नवख्याला याहून सोपी खूण नाही.

डहाळी हातात धरून पाहा

ही पायरी घाई न करता करा. ओळख पटवायचं खरं काम इथेच होतं. डहाळी झाडावरच राहू द्या, तोडू नका. तळव्यावर आडवी ठेवून निरखा.

थुनेरचं पान चपटं असतं, सुईसारखं गोल नाही. लांबी दोन ते साडेतीन सेंटीमीटर, रुंदी दोन-तीन मिलिमीटर, आणि बऱ्याचदा कोयत्याच्या पात्यासारखा हलका बाक. पानं फांदीवर खरं तर फिरत्या क्रमाने उगवतात, पण देठाशी पीळ घेऊन दोन बाजूंना अशी पसरतात की डहाळी कंगव्यासारखी किंवा पिसासारखी दिसते. वरचा रंग गडद हिरवा. आता डहाळी उलटी करा. खालची बाजू फिकट, पिवळसर हिरवी असेल. टोक निमुळतं असतं, पण बोटाला रुतत नाही. मग पानाचा तळ पाहा. पान जिथे फांदीला चिकटतं तिथून त्याची एक बारीक हिरवी धार फांदीवरून खाली उतरत जाते, त्यामुळे कोवळी डहाळी स्वतःही हिरवीच राहते. हातात भिंग असेल तर ही धार पाहताना वेळ कसा जातो कळत नाही.

यानंतर वास. खाली पडलेलं एखादं पान उचला आणि चुरडा. तोष, राई (स्प्रूस), कैल (एक पाइन), देवदार, यांतल्या कुणाचंही पान चुरडलं की राळेचा वास बोटांना चिकटून बसतो. थुनेरमध्ये राळेच्या नलिकाच नाहीत. वास जवळजवळ येतच नाही, आला तर साध्या पाल्याचा. माझ्या मते नवख्याने पहिल्यांदा याच खुणेवर भरवसा ठेवावा. चुरडलं म्हणून काही होत नाही, फक्त खाण्याआधी हात धुवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तोषशी, म्हणजे फर झाडाशी. त्याचंही पान चपटं असतं आणि लहान झाडाच्या खालच्या फांद्यांवर दोन बाजूंनाच पसरलेलं असतं. फरक टोकात आहे. तोषच्या पानाचं टोक मधोमध खाचलेलं असतं, जिभेला चीर पडावी तसं. खालच्या बाजूला दोन फिकट पांढरट रेघा. पान गळालं की फांदीवर गोल, सपाट व्रण उरतो. पानंही थुनेरपेक्षा बरीच लांब. राई, म्हणजे स्प्रूस, वेगळी काढणं सोपं: तिचं पान चौकोनी असतं, दोन बोटांत फिरवलं तर फिरतं. चपटं पान फिरत नाही. देवदाराची पानं आखूड गाठींवर झुबक्यांनी येतात. त्याच्याशी गोंधळ व्हायचं कारणच नाही, तरी लांबून पाहणाऱ्यांचा होतो.

खोडाकडे या

साल पातळ, तांबूस तपकिरी, पापुद्र्यांनी सुटणारी. पापुद्रा गळालेल्या जागी आतला रंग जांभळट लाल दिसतो, आणि पावसानंतर तो असा उजळतो की त्या अंधारात झाड आतून पेटल्यासारखं वाटतं. जुन्या झाडाचं खोड गोल गरगरीत नसतं. त्याला उभ्या पन्हाळी आणि फुगवटे असतात, अनेक दोर एकत्र पिळावेत तसे.

काही झाडांचं खोड मात्र वेगळंच दिसेल. कमरेपासून हाताच्या उंचीपर्यंत साल नाही, कोयत्याचे वार, आणि उघडं पडलेलं काळपट लाकूड. अशा झाडापुढे थोडं थांबा, कारण या झाडाची सगळी कहाणी त्या जखमेत आहे.

1962 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून तिथल्या यू झाडाच्या सालीचे नमुने गोळा झाले. कर्करोगावर उपयोगी वनस्पती शोधण्याच्या सरकारी मोहिमेचा तो भाग होता. मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांच्या गटाने त्यातलं प्रभावी द्रव्य वेगळं काढलं: 12 किलो वाळलेल्या मालातून जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. ते काम कसं करतं, हे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशी विभागताना तिच्या आत जे सूक्ष्म नलिकांचं जाळं उभं राहतं आणि मोडतं, ते हे द्रव्य मोडूच देत नाही, त्यामुळे पेशीची विभागणी अडून बसते. 1992 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ते जगभर दिलं जातं. तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या केमोथेरपीच्या कागदावरही हे नाव असेल.

म्हणजे या झाडाने माणसांचे प्राण वाचवले आहेत, आणि त्यापायीच त्याचे प्राण गेले आहेत. अर्ध्या ग्रॅमला 12 किलो हा हिशेब पुन्हा वाचा. साल सगळ्या बाजूंनी सोलली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, आणि झाड उभ्या उभ्या मरतं. मागणी वाढली तशी हिमालयातल्या थुनेरची पानं आणि सालही गोळा होऊ लागली. 1995 पासून वॉलिचियाना सायटीस या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. 2005 पासून आशियातल्या आणखी काही टॅक्सस जातींबरोबर पश्चिम हिमालयातलं झाडही त्या यादीत आलं.

दिलासा देणारी गोष्टही आहे. युरोपातल्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या एका जवळच्या द्रव्यापासून हे औषध बनवण्याची रीत सापडली. पानं पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड मारावं लागत नाही. पुढे टाक्यांमध्ये यूच्या पेशी वाढवून औषध काढायची पद्धतही आली. तेव्हा "औषधासाठी साल काढावीच लागते" असं कुणी सांगितलं, तर ते आता खरं नाही.

इथे गावकऱ्यांबद्दल एक बोलायला हवं. सालीचा चहा हिमालयातल्या अनेक गावांत पूर्वापार आहे. उकळला की त्याला छान तांबडा रंग येतो. जाणती माणसं झाडाच्या एका बाजूचा लहानसा तुकडा काढतात आणि उरलेलं झाड जगतं. जखमी झाड दिसलं की शेजारच्या गावाकडे बोट दाखवायची सवय मला पटत नाही. पोती भरून साल खाली उतरली ती बाहेरच्या बाजारासाठी. तरीही तो चहा तुम्हाला कुणी दिला तर हात जोडून नको म्हणा: एक तर झाडात विष आहे, आणि पाहुण्यांची मागणी सुरू झाली की लहान तुकड्याचं पोतं व्हायला वेळ लागत नाही.

नर की मादी

थुनेरमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वसंतात नर झाडाच्या पानांच्या बगलेत, डहाळीच्या खालच्या अंगाला, बारीक गोल पिवळसर गोळ्या येतात. फांदीला टिचकी मारा, परागाची धूळ उडते. मादीचं फूल म्हणजे हिरव्या कळीसारखं एक टोक, शोधूनही चटकन सापडत नाही. शरदात चित्र उलटं होतं. मादी झाड लाल होतं आणि नराकडे दाखवायला काही उरत नाही.

फळ जवळून पाहण्यासारखं आहे. थुनेर सूचिपर्णी असूनही त्याला देवदारासारखा लाकडी शंकू येत नाही. एकच बी, आणि तिच्याभोवती मांसल लाल पेला, पुढून उघडा. आत डोकावलं की बी पेल्याच्या तळाशी गडद डोळ्यासारखी बसलेली दिसते. पेला मऊ, बुळबुळीत, जवळजवळ पारदर्शक. पक्षी तो पेला खातात, बी पोटातून तशीच बाहेर पडते, आणि झाड दुसऱ्या उतारावर पोचतं.

तुम्ही मात्र ते तोंडात घालायचं नाही. त्या लाल पेल्याखेरीज झाडाच्या प्रत्येक भागात, पानात, सालीत, आणि विशेषतः बीमध्ये, टॅक्सीन हे हृदयाची गती बिघडवणारं विष आहे. लहान मुलं बरोबर असतील तर फळ दाखवण्याआधी हे सांगा. खेचरं बरोबर असतील तर त्यांना थुनेरजवळ बांधू नका. वाळलेली, तुटून पडलेली फांदीही तितकीच विषारी असते.

नोंद करा

ओळख पटली की पाच फोटो: पूर्ण झाड, खोड, डहाळी वरून, डहाळी खालून, आणि फळ किंवा परागाच्या गोळ्या असतील तर त्या. डहाळी खालून काढलेला फोटो बहुतेक जण विसरतात आणि मग तोषशी असलेला फरक कुणालाच सांगता येत नाही.

मग वहीत तारीख, उंची, उताराची दिशा, वर कोणती झाडं आहेत, साल सोललेली आहे का आणि किती. शिंप्याची टेप बरोबर ठेवा. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा. आपल्याकडे वनखात्यात छातीची उंची म्हणून हेच माप धरतात. चढावरच्या झाडाचं माप वरच्या बाजूने घ्या. शेवटी झाडाभोवती पाच पावलं चाला आणि रोपं मोजा, पण पाय जपून टाका. मोठी झाडं आहेत आणि खाली एकही रोप नाही, अशी नोंद अभ्यासकांना फार मोलाची असते, आणि शून्य मोजलं तर शून्यच लिहायचं.

आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिकाण धूसर ठेवा. ती सोय तिथे आहे. थुनेरचा नेमका पत्ता सगळ्यांसाठी उघडा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. समाजमाध्यमांवर तर जिल्ह्याच्या पुढे जाऊच नका. ताजी सोललेली साल दिसली तर मात्र उलटं: नेमकी जागा टिपा आणि पहिल्या वनचौकीत जाऊन सांगा.

शेकोटीसाठी थुनेरचं लाकूड वापरू देऊ नका, वाळकं असलं तरी. ट्रेक ठरवतानाच आयोजकांना विचारा की स्वयंपाक गॅसवर होणार ना. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात काडीसुद्धा उचलायची नसते. पान चुरडून पाहायचं असेल तर ते तिथेच चुरडा आणि तिथेच टाका.

रोप घरी नेऊ का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रेमापोटीच येतो. उत्तर: नका नेऊ. जंगलातून रोप उपटणं गुन्हा आहेच, शिवाय सपाटीच्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. मन मानत नसेल तर डोंगरातल्याच रोपवाटिकांना हात द्या. बियांपासून थुनेर करायचा म्हणजे कसोटी, कारण बी दीड-दोन वर्षं झोपूनच राहते. म्हणून कलमं करतात. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल इथल्या गोविंद बल्लभ पंत यांच्या नावाच्या संस्थेत थुनेरच्या कलमांना मुळं फोडण्यावर काम झालेलं आहे. कलमाची एक गंमत रोपवाटिकेत गेलात तर नक्की पाहा: आडव्या फांदीचं कलम लावलं, तर मुळं फुटल्यावरही ते कितीतरी काळ आडवंच वाढत राहतं, अजून आपण फांदीच आहोत अशा समजुतीत. सरळ झाड हवं तर उभा शेंडा निवडावा लागतो.

ज्या झाडाला धरून मी चढले होते, त्याचा घेर त्या दिवशी मोजला आणि वहीत लिहिला. तीन वर्षांनी त्याच वाटाड्याबरोबर, ज्याला मी आता भैजी म्हणते, तिथे परत गेले. टेप जवळजवळ त्याच खुणेवर टेकली. भैजी तोवर खाली वाकून पाला बाजूला करत होते. बुंध्यापासून चार पावलांवर, रिंगाळाच्या सावलीत, दोन बोटं उंचीचं रोप होतं. पानं चपटी, टोकाला खाच नाही, खालून पिवळसर. वहीत शून्याच्या खाली मी एक लिहिला.